आठ पाऊण सहा

चैत्राला मोगऱ्याचा वास येतो, कैरीच्या डाळीचा येतो, असं पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. ती मंडळी खाडीकाठी राहिलेली नसावीत. आमच्याकडे चैत्राला वास येतो तो चिखलाचा. पावसाळ्यातला चिखल वेगळा; तो पायाला लागतो आणि धुतला की जातो. हा खाजणातला, म्हणजे भरतीखाली बुडणाऱ्या दलदलीतला, निळसर काळा, फावड्यानं लोण्यासारखा कापला जाणारा चिखल. तो उन्हात सुकू लागला की थोडा मिठाचा, थोडा शिंपल्यांचा आणि थोडा जुन्या कपाटातल्या कागदांचा वास सुटतो. शेवटचा वास बहुधा माझ्या नाकाचा दोष असेल. माझी सगळी नोकरी कागदांत गेली.

परवा सकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर फिरत होतो. वारा खाडीकडून वळला आणि तो वास आला. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. सप्तमी. म्हणजे उद्या अष्टमी. "आठ पाऊण सहा," मी मोठ्यानं म्हणालो. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय हवंय?" काही नको होतं. इतक्या वर्षांनंतरही चैत्रातली अष्टमी आली की मला काही नको असतं.

पाऊणकी आम्हाला मास्तरांनी छडीच्या साक्षीनं शिकवली होती. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी ती सगळी वरात रोज संध्याकाळी देवाच्या दिव्यासमोर म्हणायची. ह्या पाढ्यांचा आयुष्यात उपयोग काय, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. उत्तर मिळायला पंचवीस वर्षं लागली, आणि ते दिलं सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या एका बाईनं.

तेव्हा आमचा जिल्हा रायगड झाला नव्हता, कुलाबा होता. धरमतरच्या खाडीच्या एका फाट्यावर तळखार नावाचं गाव. गाव म्हणजे एक मारुतीचं देऊळ, एक तळं, साठ-सत्तर कौलं, आणि ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा असा मातीचा एक लांबलचक बांध. बांधाच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला भात. दोघांची पातळी जवळजवळ सारखीच. परगावच्या माणसाला तो बांध म्हणजे गवत उगवलेला एक उंचवटा वाटे. गावाला मात्र तो घराच्या भिंतीसारखा वाटे, कारण तो फुटला की समुद्र शेतात येई, आणि एकदा शेतानं खारं पाणी प्यालं की दोन-तीन पावसाळे ते दुसरं काही पिकवायला तयार नसे.

हा बांध कोणी बांधला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. राखला कोणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भात झोडून झालं, वाल निघाले, शेतं रिकामी झाली, की गाव जोळ काढी. जोळ म्हणजे प्रत्येक घरातून माणूस आणि प्रत्येक माणसाच्या हातात फावडं. खाजणातून चिखल कापायचा, हातोहात बांधावर चढवायचा, भेगा लिंपायच्या, खेकड्यांची बिळं बुजवायची. मुकादम नाही, हजेरी नाही. जो आला नाही त्याला शिक्षा एवढीच की वर्षभर त्याला सगळे विचारत, "बरा हाईस ना?"

जोळीचा एक रिवाज होता. काम कोणत्या दिवशी काढायचं हे पाटलानं ठरवायचं नाही, वयोवृद्धानंही नाही. ज्याचं शेत सगळ्यांत खाली, बांधाला अगदी लागून, त्यानं ठरवायचं. चिखलाची शेवटची ढेपही त्यानंच ठेवायची. कारण साधं होतं. पाणी आलं तर आधी त्याच्याकडे येणार. राज्यशास्त्रावरची बरीच जाडजूड पुस्तकं मी पुढं वाचली. सत्ता कोणाकडे असावी ह्याचं इतकं स्वच्छ उत्तर मला त्यांत सापडलं नाही.

माझ्या काळात ते सगळ्यांत खालचं शेत पार्वतीबाईंचं होतं. सगळा गाव तिला पारूआय म्हणे. नवरा गेलेला, एक मुलगा, आवाज असा की खाडीपलीकडची होडी वळावी.

स्वराज्य आलं, आणि त्याच्या मागोमाग आमचं खारबांधांचं खातं आलं. हेतू उत्तम होता. सरकारी हेतू मी नेहमीच उत्तम पाहिले आहेत. गोरगरिबांनी बांधासाठी का म्हणून राबावं? बांध सरकार राखील. त्यासाठी कचेरी उघडली, कचेरीत टेबलं आली, टेबलांमागे आम्ही आलो. गावाला कळवण्यात आलं की यापुढे बांध सरकारी मालमत्ता आहे, आणि परवानगीवाचून त्यावर फावडं लावल्यास कारवाई होईल. एका साली जोळीनं सवयीप्रमाणे बांध लिंपला, तर सात जणांना नोटिसा गेल्या. त्या नोटिसा माझ्या अक्षरात होत्या. माझं अक्षर चांगलं होतं. खात्यात माझ्याबद्दल एवढी एकच चांगली गोष्ट बोलली जात असे.

मग एका श्रावणात पारूआयला तिच्या शेतासमोर बांधात खेकड्याचं एक बीळ दिसलं. बाहेरच्या अंगाला पेल्याएवढं तोंड. आतल्या अंगाला पाणी नुसतं पाझरत होतं. पूर्वीची गोष्ट असती तर तिनं चिखलाचा गोळा आत कोंबून टाचेनं दाबला असता आणि भाकऱ्या थापायला घरी गेली असती. पण नोटिसा ताज्या होत्या. तिनं अर्ज केला. अर्ज माझ्याकडे आला. मी तो वर पाठवला, तो आणखी वर गेला. तिथून आणखी वर कुठं गेला असेल तर ते मुंबईलाच ठाऊक. पाणी खाली जातं आणि कागद वर जातो. ही दोन्ही नैसर्गिक नियमांनीच जात असावीत, कारण दोन्ही थांबवता येत नाहीत. पण पाण्याला घाई असते. "आपला अर्ज विचाराधीन आहे" हे उत्तर मी ज्या आठवड्यात लिहिलं, त्याच आठवड्यातल्या अमावास्येच्या उधाणानं ते बीळ उकललं. दुपारपर्यंत बांधात बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. दुसऱ्या दिवशी चार गाड्या जातील एवढी.

पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या करपताना मी पाहिलं आहे. ते पिवळं होत नाही, राखाडी होतं. पारूआय बांधाच्या तुटक्या टोकावर उभी होती. मला बघून ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "भाऊसाहेब, अर्जाचं काय झालं वो?" आणि हसली. ते हसणं नसतं तर मी ही नोकरी जास्त सुखानं केली असती.

खांड बुजवायचं काम मंजूर व्हायला पुढचा चैत्र उजाडला. कंत्राटदार आला, खुंट रोवले गेले, दोन्ही टोकांकडून बांध पुढं सरकू लागला. मधे थोडी फट उरली तेव्हा साहेबांच्या मनात आलं, की शेवटची फट मुंबईच्या पाहुण्यांच्या हस्ते बुजवावी. माझ्याकडे दिवस शोधण्याचं काम आलं. पाहुण्यांना सवड सुट्टीच्या दिवशी. चैत्रात सुट्टी हनुमान जयंतीची. दिवस शुभ, देव बलवान, कचेरी बंद. मी आनंदानं तारीख लिहून दिली. कचेरीत पंचांग होतं, पण ते मुहूर्त बघायला. हनुमान जयंती पौर्णिमेला येते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पौर्णिमेचा आणि चिखलाचा काही संबंध असतो, हे मला कोणत्याही परिपत्रकानं कळवलं नव्हतं.

नोटीस देवळाच्या खांबाला लावली त्या दिवशी पारूआयनं ती दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"भाऊसाहेब, पाऊणकी येते ना तुमाला?"

"येते की."

"पंदरा पाऊण?"

"सव्वाअकरा," मी तत्काळ म्हणालो. छडी जागी होती.

"आनि पावनं कवा येनार?"

"साडेदहाला."

"म्हंजे अकराला," ती म्हणाली. "मंग?"

"मग काय?" मी विचारलं. तेव्हा तिनं मला, मंदबुद्धी जावयाला सांगावं तसं सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ पाऊण सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी ओहोटी, संध्याकाळी सहाला परत भरती, आणि तीही मेलेली. त्या भरतीला भांग म्हणतात. पाणी येतं, पण त्याच्यात जीव नसतो. पुनवेला सव्वाअकराला उधाण, आणि त्याच्या अंगात बारा रेड्यांचं बळ.

"खांड भांगाला बुजवतात, भाऊसाहेब. उधानाला न्हाय. ह्ये पोराटोरांना ठावं हाय."

"आय, साहेबांचं ठरलंय."

"साएबाचं ठरलंय ते समजलं. दर्याला पत्रिका धाडली का?"

मी साहेबांना सांगितलं. अगदी हळू सांगितलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पण पत्रिका छापून झाल्या आहेत."

पत्रिका सुंदर होत्या. कमानही सुंदर होती. आंब्याचे डहाळे, केळीचे खांब, बांधाच्या माथ्यावर रांगोळी, आणि पाहुण्यांच्या पायांखाली चिखल लागू नये म्हणून गालिचा. चिखलानं खांड बुजवायला आलेल्या माणसाला चिखल लागू नये ह्यासाठी घेतलेले कष्ट मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळच्या ओहोटीत कंत्राटदारानं फट जवळजवळ बुजवून ठेवली होती. एक ढेप तेवढी बाकी, रुप्याच्या घमेल्यात, फुलांनी सजवलेली.

दर्याला पत्रिका गेली नव्हती, तरी तो वेळेवर आला. वेळेवर आलेला तो एकटाच. पाहुणे अकराला पोचले. "निसर्गावर मानवानं मिळवलेला हा विजय" इथपर्यंत भाषण आलं तेव्हा गालिच्याचा एक कोपरा ओला झालेला मला दिसला. मग रांगोळीतलं कमळ हललं. मग बांधानं एक सुस्कारा सोडला. खरंच, तो आवाज सुस्काऱ्यासारखाच होता. सकाळी रचलेली ओली माती, कमान आणि रुप्याचं घमेलं ह्यांच्यासकट, शेताकडे निघून गेली. कोणाला इजा झाली नाही. पाहुण्यांना गावातल्या हिराजी पाटलानं पाठुंगळीला घेऊन कोरड्या जागी आणलं. खुर्च्या मात्र बऱ्याच दूरवर गेल्या. एक खुर्ची पारूआयच्या शेतात उताणी पडली होती, ती पुढं दोन वर्षं तिथंच होती. कचेरीनं ती परत मागितली नाही. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे बाकीचंही लिहावं लागलं असतं.

गाव हसलं नाही. ह्याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. त्यांना पाण्यात कमान दिसत नव्हती, पुढचा पावसाळा दिसत होता.

तो पावसाळा गेला. त्यापुढचा चैत्र चौकशीत गेला: दोष मातीचा, मजुरांचा की समुद्राचा. शेतावर वैशाखात मिठाची पांढरी साय धरू लागली. दुरून ती चांदण्यासारखी दिसे, आणि मुंबईहून आलेला एक अधिकारी "रम्य" असं म्हणालाही होता. तळखारची माणसं मिठागरांवर मजुरीला जाऊ लागली. पारूआयचा मुलगाही उरणकडे गेला. भात पिकवणाऱ्यानं मीठ ओढायला जावं, आणि तेही आपल्या शेतात फुकट पिकत असताना! सात-आठ दारांना कुलपं लागली. पारूआय म्हणाली, "आनि दोन पावसाले बघंन. न्हाय पिकला त मी बी दार लावंन." हे ती रडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती भाव सांगावा तशी बोलली.

त्याच उन्हाळ्यात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या होत्या. तालुक्याला पंचायत समिती आली, सभापती आले, आणि आमच्या कपाटातल्या काही फायली तिकडे वर्ग झाल्या. फायलींबरोबर मीही. सत्तेचं विकेंद्रीकरण झालं असं वर्तमानपत्रांत छापून आलं. पहिले काही महिने मला विकेंद्रीकरण दिसलं ते हारांचं. पूर्वी हार मुंबईच्या पाहुण्यांना पडत, आता तालुक्यात पडू लागले. टेबलंही तीच, फक्त टेबलावरची काच नवी. मी मनात म्हटलं, ओझं एका बैलावरून दुसऱ्या बैलावर गेलं. गाडी तिथंच.

ह्या बाबतीत मी चुकलो, हे लिहिताना मला जितका आनंद होतो तितका बरोबर ठरल्याचा कधी झाला नाही.

तळखारच्या फाईलला आता वर जायला फार उंची उरली नव्हती. अर्ज आला, आणि महिन्याभरात उत्तर गेलं. गावानं खांड स्वतः बुजवावी, खुंट आणि पेंढा समिती देईल. पण सोबत सभापतींचं एक खासगी पत्रही होतं. शुभारंभ गुढीपाडव्याला व्हावा, साडेतीन मुहूर्तांपैकी एक, स्वतः येऊ. पाडवा म्हणजे अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे उधाण. पत्र माझ्या खिशात आणि घाम माझ्या मानेवर, असा मी ग्रामसभेला गेलो.

सभा देवळासमोर, भर दुपारी. सरपंच तोच हिराजी पाटील, पाठुंगळीचा. नवी टोपी, नवी जबाबदारी, आणि दोन्ही थोड्या मोठ्या मापाच्या. त्यानं पत्र ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"सभापती पयल्यांदा येतान. पाडवाच धरू. न्हाय म्हनलं त रुसतील."

कडेला बसलेली पारूआय उठली.

"हिरू, सभापती रुसला त चार दिसांनी बोलंल. दर्या रुसला त तीन वरीस बोलत न्हाय. तुना काय पायजे?"

"आगो आय, पन आता पंचायत हाय. जोळ ऱ्हायली नाय. ठराव लागतो."

"मंग कर ना ठराव. खालचं श्यात माजं हाय का न्हाय?"

"हाय."

"दिस कोनी ठरवाचा?"

कायद्यात पंचायत होती, जोळ नव्हती. खालच्या शेताचा हक्क तर कुठल्याच कलमात नव्हता. आणि तो हक्क आत्ता मेला असता तर कायमचा मेला असता, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. हिराजीनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, तुमी सांगा. सरकारी मानूस तुमी."

दोन वर्षांपूर्वी मी हळू बोललो होतो. ह्या वेळी मी इतक्या मोठ्यानं बोललो की देवळावरची कबुतरं उडाली.

"आठ पाऊण सहा!"

सगळी सभा हसली. पारूआय तर पदर तोंडाला लावून हसली. "शिकला गो बामन," ती म्हणाली. हिराजीनं टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावाचून तो एकदम बरा दिसू लागला. "लिवा भाऊसाहेब. चैत्र सुद अष्टमी. सूचना पारूआयची." अनुमोदनाला इतके हात वर झाले की कोणाचं नाव लिहावं हे मला कळेना. म्हणून मी लिहिलं, "सर्वांनी". नियमात बसत नव्हतं. तसंच ठेवलं.

अष्टमीचा तो दिवस मी कसा सांगू? सांगण्यासारखं नाट्य त्यात नव्हतं. हेच त्याचं वैभव. सकाळची भरती आली, बघून गेली. पाणी उतरू लागलं तशी माणसं दोन्ही टोकांवर उतरली. खाजणापासून खांडीपर्यंत माणसांच्या तीन रांगा. चिखलाची ढेप एका हातातून दुसऱ्या हातात, तिथून तिसऱ्या. ढेपेवर प्रत्येकाच्या बोटांचे ठसे, आणि पुढच्याच्या बोटांनी ते पुसलेले. कुलपं लावून गेलेली माणसं परत आली होती. उरणहून पारूआयचा मुलगा आला होता, हातांना मिठाच्या चिरा घेऊन. पलीकडच्या गावाला कोणी बोलावलं नव्हतं, ते म्हणाले, "आमच्या बांधाला तुमी येनार ना?" आणि रांगेत शिरले. खुंटांमधे पेंढा, पेंढ्यावर चिखल, चिखलावर पाय. बायका गाणं म्हणत होत्या, त्यात सासूची आणि सरकारची सारखीच निंदा होती. मी रांगेत उभा राहिलो. शर्टाच्या खिशात पेन होतं. दुसऱ्या ढेपेलाच ते चिखलात गेलं. ते शोधायला वाकलो तर मागून ओरड आली, "हात थांबवू नका!" आणि मी पेन सोडून दिलं. सरकारी पेन होतं. आजही त्या बांधात असेल. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत टिकाऊ लेखन.

ठरावाची नक्कल समितीकडे गेली होतीच; दोनच्या सुमाराला सभापती आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, मागं हार घेतलेला एक माणूस. ते बांधावर उभे राहिले. त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती, आणि रांग अगदी त्यांच्या पायांपाशी होती. रांगेतल्या एका बाईनं मान वर न करता ढेप उचलली आणि समोर जो माणूस होता त्याच्या हातात दिली. सभापतींनी ती घेतली. त्यांनी एकदा ढेपेकडे पाहिलं, एकदा धोतराकडे, आणि मग पुढच्याच्या हातात ती अशा सफाईनं दिली की माझ्या लक्षात आलं, ही दोन हातांची जुनी ओळख आहे. मिठागरावरच्या माणसाचे हात होते ते. दुसरी ढेप आली. तिसरी आली. हारवाल्यानं हार बोरीच्या फांदीवर टांगला आणि तोही रांगेत लागला. संध्याकाळी तो हार बकरीनं खाल्ला. मी पाहिलेला हाराचा तो सर्वोत्तम विनियोग.

सूर्य कलला तेव्हा एका ढेपेएवढी जागा उरली होती. रांगा थांबल्या. पाणी फिरलं होतं, पण कसं, तर आजाऱ्यासारखं, भिंत धरून. सभापती माझ्या शेजारी गुडघाभर चिखलात उभे होते. हिराजीनं ढेप उचलली आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांच्याकडे पाहिलं. सभापतींनी हात मागं घेतले. "खालचं शेत कोणाचं?" त्यांनी विचारलं.

पारूआय पुढं झाली. तिनं ढेप ठेवली, आणि टाचेनं दाबली.

स्वातंत्र्य सत्तेचाळीस साली आलं म्हणतात. मामलेदार कचेरीवर झेंडा चढताना मी होतो तिथं. पेढाही खाल्ला होता. पण मला विचाराल तर तळखारला ते त्या अष्टमीला आलं, टाचेखाली, मऊसा आवाज करत.

पण आनंद करायला उसंत नव्हती. अष्टमीनंतर भरती रोज वाढते. नवमी, दशमी, एकादशी. पाणी रोज वर आणि बांध रोज त्याच्या वर. हातांना फोड आले. रामनवमीचा सुंठवडा बांधावरच वाटला गेला. आणि पौर्णिमा उजाडली, तीच, हनुमान जयंतीची. सगळा गाव बांधाच्या माथ्यावर. कमान नाही, गालिचा नाही. सव्वाअकराला पाणी आलं ते फुगून, चमकत, अंगात आल्यासारखं. त्यानं बांधाला खांदा लावला. पायांखाली माती थरथरली; खोटं सांगत नाही, मी देवाचं नाव घेतलं. पाणी माथ्याखाली हातभर आलं. वीतभर आलं. तिथं थांबलं. पारूआयनं बसून त्यात बोट बुडवलं, जणू आंघोळीचं पाणी तापलं का ते बघत होती. मग चिखलावर ओलाव्याची एक बारीक रेघ उघडी पडली, आणि हिराजी, ग्रामपंचायत तळखारचे सरपंच, टोपी हवेत उडवून ओरडले, "हटला! हटला रं हटला!" देवळातली घंटा कोणी वाजवली ते कळलं नाही. ती दुपारभर वाजत होती.

नंतर मी पुष्कळ पाहिलं. पंचायतींत भांडणं पाहिली, गट पाहिले, खुर्चीसाठी सख्ख्या भावांचं वैर पाहिलं. कोणी म्हणालं की गावाच्या हातात सत्ता म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, तर मी वाद घालत नाही. मी फक्त विचारतो, रुप्याच्या घमेल्याचं काय झालं, ठाऊक आहे? गाव चुकलं तर चूक गावाच्या शेतात येते. ती रात्रंदिवस समोर असते. साहेब चुकले तेव्हा ती दुसऱ्याच्या शेतात गेली, आणि साहेबांची बदली झाली.

त्या पावसाळ्यानं शेतं धुतली. पारूआयनं राता पेरला. लालसर, जाडा, खारेपणाला न भिणारा हा जुना भात. दिवाळीच्या आधी एका सकाळी ती पंचायत समितीच्या कचेरीत आली. माझ्यासमोर तळखारची फाईल उघडी होती. कामाचा पूर्तता अहवाल वर पाठवायचा होता. "उद्घाटकाचे नाव" ह्या रकान्यात मी "उद्घाटन झाले नाही" असं लिहून बसलो होतो, आणि "निष्पत्ती" हा रकाना कोरा होता. तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि मूठभर तांदूळ थेट फाईलवर ओतला. लाल दाणे रकान्यांत घरंगळले.

"खावा," ती म्हणाली.

"कच्चा?"

"खावा त. दरवाजा न्हाय लावला मी."

मी चार दाणे तोंडात टाकले. चावले. गोडसर पिठूळ चव जिभेवर आली.

"खारट हाय?"

"नाही, आय."

ती खुर्चीत बसली. माझ्यासमोरच्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती. तिनं माझ्या नव्या पेनाकडे बोट केलं.

"मंग लिवा."